पृथ्वीच्या वहीतली फाटलेली पानं

गेल्या उन्हाळ्यात लातूरला घराचा वरचा मजला बांधायला काढला. दारात एका बाजूला खडी पडली, दुसऱ्या बाजूला वाळू. खडी काळीभोर, वाळू लालसर. मिस्त्रीने मूठभर वाळू उचलली, तळहातावर चोळली, कानाजवळ नेली आणि म्हणाला, "बिलोलीची हाय सर, मांजरेची. माती नाही हिच्यात. बघा कशी करकरतीय." वाळूची जात त्याला आवाजावरून कळते. मी भूगोलाचा मास्तर, मला त्या दोन ढिगांत वयं दिसत होती. खडी साडेसहा कोटी वर्षांची. लाल वाळू ज्या खडकातून सुटून आली तो २५० कोटी वर्षांच्या घरातला. आणि दोघांना सिमेंटमध्ये कालवून जो स्लॅब पडणार होता, त्याचं वय त्या दिवशी शून्य.

हा स्लॅब लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "सर, जगातला सगळ्यात जुना दगड कोणता?" आणि मागोमाग दुसरं कोणीतरी, "आणि सगळ्यात पहिला जीव?" हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण त्यांची गाठ एकच आहे. पहिल्या जीवाची खूण सापडली तर जुन्या दगडातच सापडणार, आणि पृथ्वीने आपले सगळ्यात जुने दगड जवळजवळ राखलेलेच नाहीत.

पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. समजा ४५४ पानांची एक वही आहे आणि प्रत्येक पानावर एक कोटी वर्षांची हकीकत लिहिलेली आहे. माणूस ही जात तीन लाख वर्षांची, म्हणजे शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीत आली. डायनोसॉर संपले ते ४४८व्या पानावर. डोळ्यांना सहज दिसतील अशा कवचाच्या प्राण्यांचे जीवाश्म मुबलक मिळू लागतात ते ४००व्या पानाच्या आसपास. त्याआधीच्या एवढ्या मोठ्या काळात जीव होता, पण जवळपास सगळा सूक्ष्म. आणि वहीची पहिली पन्नास पानं तर फाटूनच गेली आहेत. या लेखात मला बोलायचंय ते त्या फाटलेल्या पानांबद्दल आणि त्यांच्या लगेच पुढच्या, डागाळलेल्या पानांबद्दल.

सुरुवात आपल्या पायाखालून करू. मराठवाड्यात विहीर खोदलेली ज्याने पाहिली आहे त्याला थर पाठ असतात. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मध्येच कधी गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो आणि खाली पुन्हा काळा दगड. हे सगळं लाव्हारसाचं काम. जमिनीला लांबच लांब भेगा पडून रस वर आला, पसरला, थिजला, त्यावर पुन्हा नवा रस आला. तो तांबडा पट्टा म्हणजे दोन लोटांमधली विश्रांती. त्या काळात खालचा दगड उघडा पडून ऊनपावसाने कुजला, आणि वरून आलेल्या रसाने तो भाजून निघाला. वेरूळचं कैलास लेणं याच दगडात कोरलं, अजिंठ्याची लेणी यातच, देवगिरीचा कडा यातलाच. आपल्याला हा काळा पाषाण म्हणजे अनादी वाटतो, पण वहीत तो ४४८व्या पानावर येतो. पृथ्वीच्या हिशेबात आपला दगड कालचा आहे.

मग त्याच्या खाली काय? हे आपल्याला फार वाईट निमित्ताने कळलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. मी तेव्हा सातवीत होतो. खाट हलली, उतरंडीची मडकी एकावर एक आपटली आणि आम्ही अंगणात पळालो, एवढं आठवतं. सुमारे दहा हजार माणसं गेली. हा भाग भूकंपाचा नाही असं मानलं जात होतं, त्यामुळे जमिनीखाली नेमकं काय आहे हे पाहणं भाग पडलं. किल्लारी परिसरात खोल छिद्रं घेतली गेली. त्यातलं एक ६१७ मीटर खोल गेलं. पहिले ३३८ मीटर काळा पाषाण. मग जेमतेम आठ मीटर जुना गाळ. आणि त्याखाली एकदम वेगळाच खडक, प्रचंड उष्णतेत आणि दाबात भाजून, दुमडून निघालेला, २५० कोटी वर्षांच्या घरातला.

ते आठ मीटर माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्यांच्या खालचा दगड २०४व्या पानाचा, वरचा ४४८व्या. मधली जवळजवळ २४० पानं आठ मीटरच्या गाळात बसवलेली. त्या काळात इथे काहीच झालं नाही असं थोडंच आहे? डोंगर उभे राहिले असतील, झिजून वाहून गेले असतील. लिहिलं गेलं आणि पुसलं गेलं. दगडाच्या नोंदीत असं फार होतं.

हा खालचा जुना खडक पाहायला बोअर मारायची गरज नाही. नांदेड जिल्ह्यात पूर्वेकडे, देगलूर-बिलोलीच्या भागात लाव्ह्याचं पांघरूण संपतं आणि तो उघडा पडतो. काळी माती जाऊन तांबूस, रेताड माती लागते. गोल गोल धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात. जवळ जाऊन ताज्या फुटलेल्या बाजूकडे पाहा. काळ्या पाषाणात दाणे डोळ्यांना दिसत नाहीत, इथे ते मोजता येतात. गुलाबी चपटे दाणे फेल्डस्पारचे, काचेसारखे धुरकट दाणे गारेचे, आणि उन्हात लुकलुकणारे काळे कण अभ्रकाचे. लाव्हा उघड्यावर झटकन थिजतो, म्हणून त्याला दाणे धरायला वेळ मिळत नाही. हा दाणेदार खडक म्हणजे ग्रॅनाइट. तो जमिनीच्या पोटात सावकाश निवतो, पाक मंद निवला की खडीसाखरेचे खडे मोठे होतात तसा. मांजरेची लाल वाळू हे या खडकाचं पीठ आहे.

तरीही हे २०४वं पान. मुलं विचारतात ते पहिल्या पानांबद्दल.

पहिली पानं फाटली त्याला कारणं आहेत. सुरुवातीची पृथ्वी वितळलेली होती. धडकांची उष्णता, आतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांची उष्णता, आणि जड लोखंड गाभ्याकडे बुडताना निघालेली उष्णता, सगळी एकदम. त्यातच मंगळाएवढा एक गोळा तिच्यावर आदळला आणि उडालेल्या मालातून चंद्र झाला, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पुढे वर साय धरावी तसं कवच धरलं, पण ते टिकू दिलं कोणी? पृथ्वीचं कवच सतत आत ओढलं जातं, वितळतं, नव्याने वर येतं. वारा-पाऊस उरलेलं खातात. चंद्रावर यातलं काही चालत नाही, म्हणून तिथे अपोलोच्या यात्रींना सहज जुने दगड मिळाले. या पहिल्या कालखंडाला हेडियन म्हणतात, ग्रीकांच्या पाताळाच्या नावावरून. हेडियनमधला निर्विवाद असा अख्खा खडक जवळपास नाहीच. कॅनडातल्या अकास्टा नदीकाठचा पट्टेदार खडक ४०३ कोटी वर्षांचा, म्हणजे ५१व्या पानावरचा. कॅनडातच हडसन उपसागराच्या काठी नुव्वुआगिट्टुक नावाच्या जागी याहून जुना खडक असल्याचा दावा आहे, आणि त्यावर वाद चालू आहे.

वाचक इथे थांबून विचारेल, पहिल्या पानांचा दगडच नाही तर ४५४ हा आकडा आला कुठून? तो आकाशातून पडलेल्या दगडांवरून आला. पृथ्वी ज्या मालातून झाली त्याच मालाचे उरलेले तुकडे म्हणजे अशनी, आणि ते वितळण्या-झिजण्याच्या फेऱ्यातून वाचले. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये अशनींमधल्या शिशाच्या मोजणीवरून ४५५ कोटींच्या आसपासचं वय काढलं. ते आजही तसंच टिकून आहे.

आता तो कण, ज्याच्यासाठी मी स्लॅब लक्षात ठेवायला सांगितला. त्याचं नाव झिरकॉन.

ग्रॅनाइटसारखा खडक पोटात निवत असतो तेव्हा त्यात झिरकॉनचे बारीक स्फटिक तयार होतात. लांबी साधारण एक-दोन केसांच्या जाडीएवढी. हा कण कमालीचा चिवट असतो. त्याचा मूळ खडक झिजून माती होतो, हा होत नाही. नदीतून शेकडो मैल घासत जातो, झिजतो पण संपत नाही. वाळूत बसतो, ती वाळू दाबली जाऊन नवा खडक होतो, हा त्यात तसाच. आमचा स्लॅब गेल्या मे महिन्यातला, पण त्यातल्या वाळूचा कण २५० कोटी वर्षांच्या घरातला असू शकतो. स्लॅब फोडून तपासला तर सिमेंटचं वय वेगळं आणि कणाचं वेगळं निघेल. नेमकं हेच पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स नावाच्या उजाड टेकड्यांमध्ये घडलं आहे. तिथला खडक म्हणजे जुन्या नदीची घट्ट झालेली वाळू आणि गोटे. तो सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे, पण त्यातले काही झिरकॉन ४४० कोटींपर्यंत मागे जातात. ज्या खडकात ते जन्मले तो केव्हाच नाहीसा झाला.

आमच्याकडे निजामाच्या काळातली जमिनीची कागदपत्रं शोधायची वेळ ज्याच्यावर आली आहे त्याला हे लगेच उमजेल. मूळ कागद वाळवीने खाल्लेला असतो. पण नंतरच्या कुठल्यातरी दप्तरात त्यातली एक ओळ, एक शिक्का उतरवून घेतलेला सापडतो, आणि त्या एका ओळीवर सगळं उभं राहतं.

या कणाचं वय कळतं कसं? झिरकॉन तयार होताना त्याच्या जाळीत थोडं युरेनियम शिरतं, कारण ते तिथे बसतं. शिसं बसत नाही, ते बाहेरच राहतं. पुढे युरेनियम आपोआप, ठराविक गतीने शिसं होत जातं. पेवात ज्वारी भरताना चाळून, पाखडून भरली आणि तोंड बंद केलं. वर्षांनी उघडलं तर तळाशी पीठ. भरताना पीठ नव्हतं हे पक्कं ठाऊक आहे, किडीचा वेग ठाऊक आहे, मग ज्वारी किती आणि पीठ किती हे मोजलं की पेव कधी बंद केलं ते सांगता येतं. किडीचा वेग बदलू शकतो. युरेनियमचा बदलत नाही, म्हणून हा हिशेब पक्का. त्यातही युरेनियमची दोन भावंडं असतात. एकाचं अर्धं शिसं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात, दुसऱ्याचं ७० कोटी. एकाच कणात दोन घड्याळं, वेगवेगळ्या चालीची. दोन्हींनी एकच वेळ दाखवली तर विश्वास ठेवायचा. जुळली नाहीत तर मधे कधीतरी पेव उघडलं गेलं, शिसं गळालं, असं समजायचं.

कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत १९८० च्या सुमारास श्रिम्प नावाचं यंत्र उभं राहिलं, त्याने हे काम शक्य केलं. यंत्र कणावर भारित अणूंचा झोत सोडून सुईच्या टोकाहूनही बारीक खड्डा पाडतं आणि उडालेला माल मोजतं. त्यामुळे कण अख्खा विरघळवावा लागत नाही. २००१ मध्ये जॅक हिल्सच्या एका कणातल्या एका जागी ४४० कोटी वर्षं हे वय जाहीर झालं. त्यावरही शंका निघाली. कणातल्या कणात शिसं सरकून एका जागी गोळा झालं असेल तर त्या जागी वय खोटं जास्त दिसेल. म्हणून २०१४ मध्ये तिथल्याच एका ४३७ कोटी वर्षांच्या कणाचे अणू एकेक करून मोजले गेले. शिसं सरकलं होतं, पण इतकं थोडं की वयाला धक्का लागत नाही. मला या विषयात सगळ्यात आवडते ती ही रीत. आधी स्वतःच्याच उत्तरावर जमेल तेवढे घाव घालायचे.

अशा कणांसाठी ऑस्ट्रेलियालाच जावं लागतं असं नाही. ओडिशात केओंझार जिल्ह्यातल्या चंपुआजवळच्या खडकात ४२४ कोटी वर्षांचा झिरकॉन सापडल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. आपल्या देशातली ही सगळ्यात जुनी ओळ.

झिरकॉन वयाहून मोलाची एक गोष्ट सांगतो, ती म्हणजे पाणी होतं. आपली काळी माती आठवा. ती आकाशातून पडली नाही. काळ्या पाषाणात पाणी मुरलं, त्याने दगडाचा मुरूम केला, मुरमाची चिकणमाती केली. पाण्याने थंड हवेत असं काम केलं की त्या मातीत ऑक्सिजनचं जड भावंड नेहमीपेक्षा जास्त साठतं. आता समजा अशी माती पृथ्वीच्या पोटात ओढली गेली, वितळली, आणि त्या रसातून झिरकॉन जन्मला. तो जड ऑक्सिजन त्या कणातही उतरणार. जॅक हिल्सच्या ४३० कोटी आणि त्याहून जुन्या काही कणांत तो मिळाला. म्हणजे विसाव्या-पंचविसाव्या पानावर पृथ्वीवर द्रव पाणी असण्याची दाट शक्यता. ज्या काळाला आपण पाताळाचं नाव दिलं, तो निदान काही वेळ तरी ओला होता.

पाणी होतं, मग जीव होता का? इथून पुढे पाऊल जपून टाकावं लागतं.

मेलेल्या जिवाणूला हाड नसतं, कवच नसतं. मग दगडात शोधायचं काय? एक, आकार. दोन, कार्बनची जात. तीन, तो दगड कुठे आणि कसा तयार झाला. कार्बनची दोन टिकाऊ भावंडं असतात, हलका आणि जड. जीव आपलं शरीर बांधताना हलका कार्बन पसंत करतो. दोन पोती समोर असली की माणूस आधी हलकं उचलतो, तसं. त्यामुळे जिथे जिवाचे अवशेष मुरलेले असतात तिथला कार्बन नेहमीपेक्षा हलका असतो. ग्रीनलँडमधल्या इसुआ भागात ३७० कोटी वर्षांच्या खडकात अशा हलक्या कार्बनचा ग्रॅफाइट (कार्बनचंच एक खनिज) आहे. जॅक हिल्सच्या ४१० कोटी वर्षांच्या एका झिरकॉनच्या पोटातही असे ग्रॅफाइटचे दोन ठिपके मिळाल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. दहा हजारांहून अधिक कण तपासल्यावर असा एक कण हाती लागला. पण गरम खडक-पाण्याच्या काही रासायनिक क्रियांमध्येही जीव नसताना कार्बन असाच हलका होऊ शकतो. म्हणून एका कणावर जीव होता असं म्हणता येत नाही. तशी शंका घेता येते, आणि ती मोलाची आहे.

आकाराची गोष्ट आणखी अवघड. १९९३ मध्ये विल्यम शॉफ यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ॲपेक्स नावाच्या, सुमारे ३४६ कोटी वर्षांच्या गारेच्या खडकातून जिवाणूंच्या माळांसारखे धागे दाखवले. प्रकारही अकरा. जगभरच्या पुस्तकांत ते 'सगळ्यात जुने जीवाश्म' म्हणून छापले गेले. २००२ मध्ये मार्टिन ब्रेझियर आणि सहकाऱ्यांनी तीच जागा पुन्हा तपासली आणि म्हणाले, हा खडक समुद्रतळाचा नाही, गरम पाण्याच्या भेगेत भरलेला आहे, आणि स्फटिक वाढताना कार्बन कडेला ढकलला जाऊन असे धागे दिसू शकतात. त्यावर दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं काम झालं, नवी मोजमापं आली. वाद मिटला असं मी म्हणणार नाही.

आमच्या रानात नांगरटीनंतर गारगोट्या वर येतात. लहानपणी त्यातली एक फोडली तर आत झाडाच्या फांद्यांसारखी काळी नक्षी. मी ती नेचाचं पान समजून वर्षभर दप्तरात बाळगली. पुढे कॉलेजात कळलं की मँगनीजचे क्षार पाण्याबरोबर भेगेत शिरून अशीच नक्षी काढतात. झाडाचा तिथे संबंध नाही. डोळ्याला ओळखीचं दिसलं की मन लगेच नाव देऊन मोकळं होतं. प्राचीन जिवाच्या शोधातली निम्मी मेहनत या मनाला आवरण्यात जाते.

आता भक्कम पुरावा. जनावरांच्या हौदाच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेशी शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो. त्यावर बोट फिरवलं तर लक्षात येतं की त्यात बारीक माती अडकलेली असते. हेच उथळ समुद्रात कल्पून पाहा. तळावर जिवाणूंची चिकट साय. तीवर गाळ बसतो, उजेड मिळेनासा होतो, म्हणून जिवाणू गाळातून वर चढतात आणि नवी साय धरतात. पुन्हा गाळ, पुन्हा साय. हजारो वर्षांत त्याचा पापुद्र्यापापुद्र्यांचा घुमट होतो. याला स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे खाडीत असे जिवंत घुमट आजही आहेत. आपल्याकडे चित्तोडगडजवळ भोजुंदा इथे आणि उदयपूरजवळ झामरकोटडा इथे दगडातले घुमट जपून ठेवले आहेत.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबरा भागात ३४८ कोटी वर्षांच्या खडकात असे घुमट आहेत. वहीतलं साधारण १०६वं पान. उघड्यावरचा दगड कुजलेला असतो, म्हणून तिथेही बोअर घेऊन खालचा ताजा दगड काढला, आणि २०१९ मध्ये त्यातल्या पायराइटमध्ये, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजात, सेंद्रिय पदार्थ अडकलेला दाखवला गेला. त्याच भागात ३४३ कोटी वर्षांच्या खडकात अॅबिगेल ऑलवूड यांनी २००६ मध्ये दाखवलं की घुमटांचे सात प्रकार किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेले आहेत, आणि कुठे कोणता प्रकार येतो हे पाण्याच्या खोलीनुसार बदलतं. नुसत्या रसायनाला एवढं तारतम्य कुठून येणार?

पुढे २०१६ मध्ये ॲलन नटमन यांच्या गटाने ग्रीनलँडमधून ३७० कोटी वर्षांचे, काही सेंटिमीटर उंचीचे शंकू दाखवले आणि हे सगळ्यात जुने स्ट्रोमॅटोलाइट म्हणून जाहीर केलं. दोन वर्षांनी याच ऑलवूड तिथे गेल्या. त्यांनी दगड समोरून पाहिला तसा बाजूनेही पाहिला. समोरून शंकू वाटत होते ते बाजूने लांबच लांब घड्या निघाल्या, लाटलेली पोळी एका बाजूने रेटली की पडतात तशा. त्यांच्या मते ती दाबाने पडलेली मुरड होती. नटमन यांच्या गटाने ते मान्य केलं नाही. ज्या बाईने एका जागी जिवाच्या बाजूने भक्कम पुरावा उभा केला, तीच दुसऱ्या जागी नाही म्हणाली, आणि म्हणून तिच्या दोन्ही शब्दांना माझ्या मनात वजन आहे.

एवढं झाल्यावर मुलांना उत्तर काय द्यायचं? मी सांगतो, ३४८ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर जीव होता हे जवळपास सगळे मानतात. ३७० कोटींबद्दल चांगली शंका आहे. त्याच्या मागे ४१०, ४२० कोटी हे आकडेही निघतात, कधी एका ठिपक्यावरून, कधी आजच्या जिवांच्या जनुकांवरून मागे मोजत जाऊन. पिलबराचे घुमट रचणारे जिवाणू चांगलेच रुळलेले दिसतात. त्यांच्या मागे मोठा काळ गेला असला पाहिजे, हे मात्र मला पटतं.

ऑक्सिजन त्यानंतर खूप उशिरा आला. हवेत तो टिकून राहू लागला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि तोही जिवाणूंनीच सोडलेला. त्यांचे वंशज पाहायचे तर फार लांब जायला नको. मंठ्याच्या पलीकडे लोणारचं तळं आहे, त्याच्या खाऱ्या पाण्याला हिरवी छटा देतात ते याच कुळातले. आणि खोलात जायचं तर कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं, तिथे लाव्ह्याखालच्या ग्रॅनाइटमधूनही जिवाणूंच्या खुणा मिळाल्या. उजेड नाही, हवा नाही, नुसती दगडाची भेग आणि थोडं पाणी. किल्लारीखालचा दगडही त्याच जातीच्या जुन्या पायाचा.

स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी धाकट्या लेकीला घेऊन मी वाळूच्या ढिगाशी बसलो. जुनं ॲल्युमिनियमचं ताट, त्यात दोन मुठी वाळू, वर पाणी. तांदूळ धुताना खडे तळाशी राहावेत म्हणून आई ताट जसं हलवते, तसं हलवायला सांगितलं. पांढरट, गुलाबी दाणे पाण्याबरोबर कडेवरून उतरत गेले. दहा मिनिटांनी तळाशी काळ्या भुकटीची एक बारीक रेघ उरली. ती वाळवून तिच्यावरून चुंबक फिरवला, लोहाचे काळे कण चिकटून आले. कागदावर उरले ते चिमूटभर जड कण. ग्रॅनाइटच्या वाळूत झिरकॉन असतोच, आणि तो गारेपेक्षा पावणेदोन पट जड, म्हणून असाच तळाशी राहतो. भिंगातून काही कण काचेसारखे स्वच्छ, दोन्हीकडे टोकदार दिसले. त्यातला झिरकॉन कोणता हे भिंगाने ठरत नाही. लेकीने ते सगळेच एका काचेच्या कुपीत भरले आणि वर चिठ्ठी लावली, 'वय : २५० कोटी (तपासायचं आहे)'. चिठ्ठीतला कंस तिचा स्वतःचा.

वहीच्या फाटलेल्या पानांची आणखी एक प्रत असू शकते, मंगळावर. मंगळाचं कवच पृथ्वीसारखं आत ओढून वितळवलं गेलं नाही, म्हणून तिथे ३५० कोटींहून जुना गाळ उघड्यावर पडून आहे. पर्सिव्हरन्स ही नासाची गाडी फेब्रुवारी २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरली. तिथे एके काळी तळं होतं आणि त्यात नदी येत होती. जुलै २०२४ मध्ये तिला एका जुन्या चिखलाच्या दगडावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके दिसले. ठिपक्यांत लोह आणि फॉस्फरसचं, लोह आणि गंधकाचं खनिज मिळालं. पृथ्वीवर चिखलात जिवाणू राबतात तिथे अशी जोडी बऱ्याचदा तयार होते. सप्टेंबर २०२५ मध्ये यावरचा शोधनिबंध आला, तेव्हा नासाने शब्द वापरला तो 'जिवाची संभाव्य खूण' एवढाच. ॲपेक्सचे धागे आणि ग्रीनलँडच्या घड्या पाहिलेल्या माणसांनी याहून मोठा शब्द वापरला नाही, हे मला फार बरं वाटलं. पुढची तपासणी पृथ्वीवरच्या यंत्रांशिवाय होणार नाही. त्या दगडाचा खडूएवढा तुकडा नळीत बंद करून गाडीतच ठेवलेला आहे.